बाईला प्रोस्टेट नसते

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. विषय निघाला की मी उठून जायचो. आता वय ऐंशीच्या पुढे गेलंय आणि ज्यांची नाराजी नको म्हणून गप्प बसलो, त्यांतलं कोणी उरलेलं नाही. म्हणजे यात धाडस काही नाही. तरी लिहितो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जळगावात माझं एक्स-रे क्लिनिक होतं. मी रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे फिल्म वाचून रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर. तालुक्याच्या गावांहून फिल्मचं पाकीट दुपारच्या एसटीने यायचं, सोबत तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी. संध्याकाळच्या गाडीने रिपोर्ट परत जायचा. पेशंटचं तोंड दिसत नसे आणि त्यात आम्हाला काही चुकीचंही वाटत नसे.

एक दिवस एका बड्या सर्जनकडून पाकीट आलं. नाव लिहीत नाही. माझं निम्मं काम त्यांच्याकडून यायचं. कंबरेची आणि मणक्याची फिल्म. पेशंट यावलच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारे दामू नाना, वय साठ, केळीची बागायत. चिठ्ठीत लिहिलं होतं : ‘पाठदुखी. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलाय का?’

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. तिचा कॅन्सर हाडांत गेला की फिल्मवर हाडं खडूसारखी पांढरी दिसतात. नानांची हाडं तशीच पांढरी होती. पण हाडांच्या कडांना काटेरी झालर होती. हाडं जोडणाऱ्या अस्थिबंधांवर चुना साचल्यासारखी. ती मी पाहिली. विचित्र वाटली. पण चिठ्ठीतल्या प्रश्नाला ‘होय’ लिहिलं की काम संपत होतं. मी ‘होय’ लिहिलं. झालरीबद्दल अक्षर लिहिलं नाही.

सर्जननी हाडाचा तुकडा तपासायला पाठवला नाही. रक्ताची तपासणी नॉर्मल आली होती, तीही बाजूला ठेवली. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो म्हणून त्यांनी नानांचे दोन्ही वृषण काढून टाकले. माझ्या एका ओळीच्या आधारावर.

दीड वर्षाने नानांच्या बायको, गिरजाअक्का, स्वतःच क्लिनिकमध्ये आल्या. तालुक्यातलं मशीन बंद होतं. पाठ लाकडासारखी ताठ, मान वळत नव्हती. नाना बाहेर बाकावर बसले होते.

टेबलावर चढताना अक्कांनी बाहेर बसलेल्या नानांकडे हात करून हळूच विचारलं, “डॉक्टरसाहेब, यायचा कॅन्सर मले लागला का?”

“कॅन्सर लागत नसतो, अक्का.”

“मंग सुनांनी यायचं ताट काहून येगळं केलं? पोरीच्या सासरचे बी पाणी पेत नही आमच्या घरी.”

फिल्म धुऊन उजेडाच्या पेटीवर लावली. तीच खडूसारखी हाडं. तीच काटेरी झालर. बाईला प्रोस्टेट नसते. मी त्यांच्या हाताची फिल्म काढली. कोपराखालच्या दोन हाडांमधला पडदा करवतीच्या दात्यांसारखा कडक झालेला. हे फ्लोरोसिस होतं : पाण्यातलं फ्लोराइड वर्षानुवर्षं हाडांत साचून होणारा आजार. आमच्या भागात तो क्वचित दिसायचा. पुस्तकात मी वाचलेला होता.

“अक्का, पाणी कुठलं पिता?”

“मळ्यातल्या बोअरचं. बहात्तरच्या दुष्काळात खंदेल हाये. लई गोड पाणी.”

नानांना आत बोलावून त्यांच्याही हाताची फिल्म काढली. तसाच पडदा, तेच दाते. दीड वर्षापूर्वी मी हाताची एक फिल्म मागवली असती, तर पुरली असती.

दुसऱ्या दिवशी दोघांच्या फिल्म घेऊन सर्जनकडे गेलो.

“सर, दामू नानांना कॅन्सर नव्हता. बायकोची हाडं पाहा.”

त्यांनी पाहिली. बराच वेळ पाहिली. मग फिल्म पाकिटात घातल्या.

“रिपोर्ट कोणाचा होता?”

“माझा.”

“सही?”

“माझीच.”

“मग कोणाला सांगायला निघालास?” ते हसले. “म्हातारा हिंडतोय, फिरतोय. लोक म्हणतात, ऑपरेशनने वाचला. डॉक्टरांच्या मागच्या मीटिंगला मी ही केस सांगितली, टाळ्या पडल्या. चहा घेतोस?”

माझं डोकं फिरलं. निरोगी वृषण कापलेला माणूस मेला नाही, याचंही श्रेय हे घेत होते! पण खरा संताप माझा मलाच यावा असं पुढे घडलं. मी चहा घेतला.

पाणी मात्र मी तपासायला पाठवलं. फ्लोराइड भरपूर निघालं. गावी जाऊन सांगितलं : ही बोअर पिण्यासाठी बंद, पलीकडच्या विहिरीचं पाणी प्या, दूध-दही वाढवा. हाडांत साचलेलं निघत नाही, पण आणखी साचणं थांबतं. अक्कांचं दुखणं हळूहळू जरा कमी झालं.

बोअरचं सांगायला गेलो त्याच दिवशी ओट्यावर नानांनी विचारलं, “मंग माह्या कॅन्सरचं काय, साहेब?”

सगळं घर ऐकत होतं. मी म्हणालो, “आटोक्यात आहे.”

नाना त्यानंतर अकरा वर्षं जगले. अकरा वर्षं वेगळ्या ताटात जेवले.

पुढे माझ्या हाताखाली शिकायला आलेल्यांना मी एकच नियम लावला : आधी फिल्म पाहा, मग चिठ्ठी वाचा. नियम चांगला आहे. तो का केला, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

नाना शेवटचे आजारी असताना मी भेटायला गेलो होतो. ठरवून गेलो होतो. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “तुमी येळेवर पकडलं, म्हनून इतके साल भेटले मले.”

“नाना,” मी म्हणालो. पुढचं वाक्य तयार होतं : तुम्हाला कॅन्सर कधीच नव्हता, मी चुकीचं लिहिलं, मला माफ करा.

“बोला ना, साहेब,” ते म्हणाले.

मी त्यांची नाडी पाहत राहिलो.