बांगडीएवढा दिवा

ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर आधी माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाकडं येतं.

पालीजवळच्या आमच्या काजूच्या बागेत एकदा एक फोटोवाले आले होते. नाव विचारायला मी लाजले. कॅमेऱ्याच्या भिंगामागे त्यांनी पोकळ नळ्या जोडल्या होत्या आणि भिंगाभोवती बांगडीसारखा गोल दिवा होता. मोहरावरच्या लाल मुंगीसमोर ते श्वास रोखून उभे राहत. दिवा लखकन चमकला की मगच श्वास सोडत.

माझी जाऊ हसली. "मुंग्यांची लग्नं जमवताय काय ओ?"

"स्थळं बरी आहेत, वहिनी," ते म्हणाले.

"आणि त्या नळ्यांत काय भरलंय?"

"काही नाही. भिंग जरा पुढे सरकतं, मग बारीक वस्तू मोठी दिसते."

माझ्या अंगठ्यात चार दिवसांपासून करवंदीचा काटा रुतला होता. सुईने उकरूनही सापडत नव्हता. अंगठा सुजलेला, ओले काजू सोलणं बंद, आणि ऐन हंगाम. मी अंगठा पदराआड लपवला. जावेनेच माझा हात त्यांच्यापुढे धरला.

"हलू नका, ताई. श्वास रोखा."

कॅमेऱ्याच्या पडद्यावर माझा अंगठा नांगरलेल्या शेतासारखा दिसला. मध्ये काट्याचं काळं टोक होतं, तिरपं गेलेलं. मी इतके दिवस सुई उभी घालत होते. जावेने ती तिरपी घातली आणि काटा बाहेर आला.

ते कॅमेरा पिशवीत ठेवू लागले, तेव्हा मला तोंड उघडावंच लागलं.

"दादा, आता ती मुंगी दाखवा ना."