विलायतेच्या जुन्या घराच्या दारात इवाईबुवा

आमच्या इवाईबुवाइतका अडून बसणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडणार नाही, आणि हे मी सांगतो आहे, ज्याला आमच्या आंजी गावात शेंबडी पोरंसुद्धा हट्टी म्हणतात. इवाई म्हणजे माझ्या पोराचे सासरे. देवळीला त्यांचं किराणा दुकान होतं. त्यांचा नेम एकच. घरच्या माणसानं 'या' म्हटल्याशिवाय कोणाच्या दारात पाय टाकायचा नाही. एकदा आम्ही सारे वावरात गेलो होतो, तर हे भर उन्हात आमच्या फाटकाशी उभे. दार सताड उघडं, पाण्याचा माठ समोर. "काऊन नाई पाणी घेतलं?" म्हटलं, तर म्हणाले, "कोणी या म्हटलं नाई." बँकेच्या पैशाच्या यंत्रापुढंही ते बाहेरूनच "हाये का कोणी?" करतात. मी हसलो, तर माझ्यावरच उखडले. "मंग रिकाम्या खोलीत चोरासारखा घुसू काय?"

या उन्हाळ्यात विलायतेत राहणाऱ्या माझ्या पोरानं मला अन् इवाईंना तिकडं नेलं. इवाईणबाई वारल्यापासून हे देवळीत एकटेच. माझी सून मागंच लागली होती, "बाबा, आता इथंच राहा, कागदपत्रांचं मी पाहते." हे हो म्हणत ना नाही. मी मात्र निश्चिंत होतो. हा माणूस देवळी सोडेल? छट्!

एका रविवारी सुनेनं खेड्यातलं एक जुनं घर दाखवायला नेलं. घर कसलं, दगडाचा डोंगर! कित्येक शतकांचं म्हणे. अन् लोक तिकीट काढून सरळ आत शिरून राह्यले, कोणाच्या निजायच्या खोलीत! मी हादरलोच. इवाई दारातच थांबले. मागे गोऱ्यांची रांग लागली.

"चला ना बाबा, तिकीट काढलं आहे," सून कुजबुजली.

"तिकिटानं घर आपलं होते काय वं?"

"इवाईबुवा, परक्या मुलखात तमाशा नका करू," मी म्हटलं.

"तुमी जा. मी हाये इथंच."

तेवढ्यात बाजूच्या दारातून एक म्हातारी बाई टोपली घेऊन आली. घर तिचंच, पिढ्यान्‌पिढ्यांचं. इवाईंनी हात जोडले. "येऊ काय, बाई?" सुनेनं अर्थ सांगितला. बाई आधी पाहतच राहिली, मग खळखळून हसली आणि हाताला धरून त्यांना आत घेऊन गेली.

बैठक कापसाच्या जिनिंगच्या गोदामाएवढी. चूल अशी, की बैलजोडी उभी राहील. कोणी हात लावू नये म्हणून सगळ्याला दोऱ्या बांधलेल्या. इवाई म्हणाले, "तुमी कुठं जेवता?" बाईनं मागच्या दोन खोल्या दाखवल्या. टेबलावर एक ताट, एक कप. पोरं दूरदेशी. "थंडीत लोक यायचे बंद होतात, मग पावलं फक्त माझीच वाजतात," ती म्हणाली, ते सुनेनं सांगितलं. आम्ही दोघं म्हातारे त्या ताटाकडे पाहत उभे.

गाडीत बसल्यावर इवाई लेकीकडे वळले. मग म्हणाले, "बाई, मायं परतीचं तिकीट रद्द कर."

माझ्या अंगावर वीज पडली. "अन् देवळीचं घर?"

"तुमी हाये ना तिकडं. अधूनमधून खिडक्या उघडत जा. घराले वारा लागला पाह्यजे."

'चला माझ्यासंगं' एवढं तोंडातून निघालं नाही. मी कोणाची आर्जवं करत नसतो.

आता मी एसटीनं देवळीला जातो, खिडक्या उघडतो, ओसरीवर बसतो. फोनवर ते विचारतात, "घर बरं हाये ना?"

"घराले काय होते?" मी म्हणतो.

मग दोघंही गप्प. पण फोन कोणीच आधी ठेवत नाही.