दाण्याच्या आकाराचं भोक

प्रयोगशाळेत तिला सगळे भोकमोजणी म्हणत. वालुकाश्माच्या गुळगुळीत कापाचा सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायचा, काळं ते छिद्र आणि पांढरा तो वाळूचा दाणा असं कॉम्प्युटरला सांगायचं, आणि शंभरात काळं किती ते मोजायचं, हेच तिचं काम. जमिनीखालच्या ज्या दगडाच्या पोटात गावाचं पाणी साठवायचं होतं, त्याचा आकडा झकास आला होता. साहेब तर खूश होऊन गावाला फोनवर सांगूनही बसले होते.

तिला मात्र तो आकडा गिळवेना. तिने फोटो मोठा केला. दाण्यांमधली फट कोपऱ्यांत निमुळती, कडांनी आत दबलेली असते. ही भोकं गरगरीत होती, थेट दाण्यासारखी! म्हणजे तिथे दाणाच होता. घासताना उपटला गेला होता.

आणि काप घासले होते मामांनी. तिच्या सख्ख्या मामांनी, तिला या कामाला लावणाऱ्यांनी.

ती तडक मामांच्या घासायच्या चाकापाशी गेली.

"मामा, ही भोकं दगडाची नाहीत. आपण पाडलीत."

"आपण? सरळ माझं नाव घे की!" मामा उसळले. "तुझ्या जन्माआधीपासून घासतोय मी."

"म्हणून तर आधी तुम्हाला सांगतेय. साहेबांना नंतर."

"त्यांना कशाला? थोडं इकडेतिकडे चालतं."

"आणि पाणी मावलं नाही तर? लोकांना काय फोटो पाजायचे?"

मामांनी हात पाठीमागे नेले. थरथर तिला दिसलीच होती.

"चाक काढून घेतील गं माझं."

"त्यासाठी मी भांडेन. पण हा आकडा पुढे जाणार नाही."

तिने सांगितलं तेव्हा साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. "अगं, कळवलंय मी! चूक कोणाची?"

"घासताना मामांची, बघताना माझी. नवा काप आम्ही दोघं करतो."

दाणे सुटू नयेत म्हणून नवा तुकडा राळ पाजून घट्ट केला.

"चाक तू धर," मामा म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी ऐकतो. दाणा सुटायच्या आधी दगड कुरकुरतो."

ती घासू लागली. मामा डोळे मिटून, मान वाकडी करून उभे.

"काढ हात! ...हं, आता हलकं."

आकडा बराच खाली आला. साहेबांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून तो पाठवला. मामांनी चाक धुतलं.

"बघतेस काय? पुढचा दगड आण."