चक्रवालीची पैज

...नाही रे, भांडकुदळ नव्हती ती, तसं लिहू नकोस. तोंडाने फटकळ होती, एवढंच. मैदानाच्या कडेला तिचं लाकडी घोड्यांचं चक्र होतं. मोटार नाही, काही नाही. दांड्याला छाती लावून ढकलायचं की घोडे गरगर फिरायला लागायचे. आम्ही सगळे तिला चक्रवालीच म्हणायचो.

नवरा गेला आणि धाकट्या दिराला त्या चक्राचे डोहाळे लागले. त्याचा स्टॉल शेजारीच होता, चेंडू मारून डबे पाडायचा. नेम असा की माशी दाखव, पंख उडवील. घोडे विकायचे आणि त्या जागेत आपला स्टॉल वाढवायचा, हा त्याचा बेत. चार माणसांत म्हणाला, "वहिनी, बाईमाणसाचं काम नाही हे. घरी बसा, दोन वेळचं मी घालीन."

घालीन म्हणे! जसं दारातल्या कुत्र्यालाच.

तिने दांड्यावरचा हातही काढला नाही. "भावजी, या घोड्यावर बसा. चक्राच्या पलीकडच्या, समोरासमोरच्या घोड्याला मी बादली बांधते. चक्र फिरत असताना तीन चेंडू टाका. एक जरी आत पडला तरी चक्र तुमचं. नाही पडला, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

माणसं हसली. तिच्या मुलीने तिचा दंड घट्ट धरला, पोट त्या चक्रावरच होतं ना त्यांचं. पण चक्रवालीला एक गोष्ट ठाऊक होती. लग्न नवंनवं होतं तेव्हा चक्र फिरत असताना नवरा समोरच्या घोड्यावरून तिच्याकडे लिमलेटच्या गोळ्या फेकायचा. एक गोळी कधी ओंजळीत पडली असेल तर शपथ. सगळ्या शेजारून निघून जायच्या.

चक्र घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरायला लागलं. दिराने पहिला चेंडू नाकासमोर टाकला, तो बादलीच्या उजवीकडून निघून गेला. माणूस हुशार, दुसरा त्याने मुद्दाम डावीकडे मारला. तो बादलीच्या काठाला लागून उडाला, आणि मुलीने डोळे मिटून घेतले.

चक्रवालीने चक्र थांबवलं, दांड्याच्या पलीकडे गेली आणि उलट्या बाजूने ढकलायला लागली. त्याला वाटलं, बाई दमली, हात बदलतेय. त्याने पुन्हा डावीकडेच नेम धरला. आता चेंडू स्वतःच डावीकडे वळत होता! असा लांब गेला की त्याच्याच स्टॉलचे डबे खडखडले.

"ही लबाडी आहे," तो म्हणाला.

"कुठल्या बाजूने फिरवायचं हे कधी ठरलं होतं? चक्र माझं आहे, भावजी. हवं तसं फिरवीन."

मुलगी पुढे शिकली, तिने आम्हाला उलगडून सांगितलं. चेंडू सरळच जातो, आपण फिरत असतो म्हणून तो वळलेला दिसतो. पृथ्वी हेही असंच चक्र. दिवसाला एकच फेरी मारते, म्हणून अंगणातल्या चेंडूवरून काही कळत नाही. पण शेकडो कोस जाणारा वारा, समुद्राचं पाणी, सगळं वळतं. पृथ्वीच्या वरच्या अर्ध्या भागात उजवीकडे, खालच्या अर्ध्यात डावीकडे. चक्रवाली ऐकून म्हणाली, "एवढ्या वाऱ्याला सरळ जाता येत नाही, आणि भावजी निघाले होते माझ्या घोड्यांवर बसून नेम धरायला."

आता चक्र मुलगी ढकलते आणि म्हातारी झालेली चक्रवाली घोड्यावर ताठ बसते.

तुझं लिहून झालं की मैदानावरून जा. डब्यांच्या स्टॉलवर एक म्हातारा बसलेला दिसेल. त्याला सांग, वहिनीचा निरोप आहे: बादली अजून बांधलेलीच आहे, हिंमत असेल तर यावं.