उंबऱ्याशी थांबलेली घागर

ओल्या दगडाचा वास आला, की लातूरचा तो दुष्काळी उन्हाळा आठवतो. जिल्हा नवा, आमची कचेरीही नवी, आणि विहिरींनी तळ गाठलेला. गाभारा पाण्यानं भरून महादेवाला कोंडलं की पाऊस येतो, म्हणून रविवारी सगळी कचेरी देवळात निघाली. मी चर्चमधून परतत होते, तर सोबतिणींनी माझ्याही हातात घागर दिली. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी माझे पाय थांबले. "समद्यांनी वतलं, बाई. तुम्हालाच पाऊस नको व्हय?" त्या म्हणाल्या. "मी प्रभूकडंच मागते," माझा आवाज मलाच ऐकू येईना. आत पाणी ठिबकत होतं. तेवढ्यात कपाळाला भस्म लावलेले हेडक्लार्क पुढं आले, माझ्या हातातली घागर घेऊन त्यांनीच आत ओतली आणि म्हणाले, "मागा की. पण जरा जोरात मागा." पाऊस कधी आला, ते आठवत नाही. घागरीचा तळहातांना लागलेला गारवा मात्र अजून गेलेला नाही.