रेणूचा डोळा आणि बिबट्याचा भोंगा

मी पोचले तेव्हा रेणूचे दोन्ही हात टॉवेलने खाटेला बांधलेले होते. डावा डोळा काळानिळा झाला होता. मंचरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आतला पडदा नाजूक झालाय, आणखी मार बसला तर नजर जाईल.

"बांधू नका," मी म्हणाले.

"मग काय करू ताई?" तिची आई शोभा म्हणाली. "सोडलं की बुक्क्या मारून घेती. तुमी काय रोज इथं असता व्हय?"

बरोबर होतं. मी पेठजवळच्या वाड्यांवर आठवड्यातून एकदा जाणारी विशेष शिक्षिका. रेणू चौदा वर्षांची, ऑटिस्टिक, बोलत नाही. अशी मुलं स्वतःला मारतात तेव्हा लोक हट्ट म्हणतात. बहुतेक वेळा तो सहन न होणाऱ्या गोष्टीवर त्यांना सापडलेला उपाय असतो. हात बांधले की उपाय जातो, त्रास राहतो.

आधी दात आणि कान तपासून घेतले. दुखणं नव्हतं. मग शोभाला वहीत तीन रकाने आखून दिले: आधी काय झालं, रेणूने काय केलं, नंतर काय झालं. आम्ही याला एबीसी चार्ट म्हणतो. आठवड्याने वही पाहिली. सोळा नोंदी. त्यातल्या अकरा नोंदींच्या पहिल्या रकान्यात एकच शब्द: भोंगा.

उसात बिबट्या फिरतो म्हणून ग्रामपंचायतीने घरामागच्या खांबावर सेन्सरचा सायरन बसवला होता. समोर काहीही हललं की वाजायचा. बिबट्यासाठी वाजल्याचं कुणाला आठवत नव्हतं. कुत्र्यांसाठी रोज वाजायचा.

रेणूला इअरमफ दिले. ती दहा मिनिटंच ठेवायची, आणि भोंगा सांगून वाजत नव्हता. आवाज झाला की तिचे तळवे घट्ट दाबायचे, हे शोभाला शिकवलं. बुक्क्या निम्म्यावर आल्या. डोळ्याला निम्म्याही जास्तच होत्या.

मग भोंग्यासाठी दुसऱ्या जागेचा नकाशा काढून, अर्ज घेऊन सरपंचांकडे गेले.

"म्याडम, त्याच उसातनं बिबट्यानं वासरू नेलं. एका पोरीपायी गाव उघडं टाकू का?"

"बंद करू नका. पलीकडच्या बांधावर हलवा."

"व्हईल की सवय तिला. आमाला न्हाई झाली?"

"झाली ना. म्हणून तर भोंगा वाजला तरी कुणी दार उघडून बघत नाही."

ते हसले. अर्ज ठेवून घेतला. पुढच्या आठवड्यात म्हणाले, ग्रामसभेत घेऊ. त्याच्या पुढच्या आठवड्यात अर्ज सापडत नव्हता. मी झेरॉक्स दिली.

मग शोभाचा फोन आला. भर दुपारी भोंगा सलग वाजत राहिला. ती गोठ्यात होती. धावत घरात पोचेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. पुण्यात ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्याची नजर परत आली नाही.

महिन्याभराने गेले तर घरामागे खांब नव्हता. पलीकडच्या बांधावर होता, मी नकाशात दाखवला होता तिथेच.

"कुणी हलवला?"

"सरपंचाच्या मेव्हण्यानं आपल्या घरामागं पोल्ट्री टाकली ना," शोभा म्हणाली. "भोंग्यानं कोंबड्या बिचकत्यात, अंडी कमी झाली. सकाळी बोलला, दुपारी खांब हलला."

रेणू आता आठवड्यातून एखाद्या वेळी मारून घेते. रिपोर्टमध्ये याला 'लक्षणीय सुधारणा' म्हणतात. मी तसं लिहिलं.

अर्ज लिहायची पद्धत मात्र बदलली. आधी आसपास फिरून यादी करते: कुणाच्या कोंबड्या, कुणाची दुभती जनावरं, कुणाचा दहावीचा मुलगा. त्यांच्या तक्रारी वर घालते. ऑटिस्टिक मूल शेवटच्या ओळीत. कामं लवकर होतात.