आत कोण विचारत होतं?

आधीच एक स्पष्ट करून टाकते, म्हणजे पुढं गैरसमज नको. मी भूतबाधेवर पत्रकं काढलेली मुलगी आहे — म्हणजे बाधेच्या विरोधात! अंगात आलेल्या बाईसमोर उभं राहून 'हे ढोंग आहे' असं तोंडावर म्हटलेली. तुमच्या मासिकातलं हे अद्भुत अनुभवांचं सदर आमच्या गटात मोठ्यानं वाचून आम्ही हसायचो, हेही लपवत नाही. आज त्याच सदरासाठी लिहायला बसलेय. कुणाला काही पटवून द्यायचं नाही... मला स्वतःलाच काही पटलेलं नाही.

जागा सांगते. औरंगाबाद. वाळूजला कारखान्यांच्या शेड उभ्या राहतायत, आणि तिथल्या भोंग्यांवर पोट भरायला कन्नड, वैजापूर, पिशोरकडून तरुण जोडपी येतायत. राहायला रांजणगावात पत्र्याच्या खोल्या. इकडं शहरात विद्यापीठाच्या नामांतराचा लढा — मोर्चा, बंद, परत मोर्चा. मी त्या मोर्च्यांत घोषणा देते. पुढं राहून देते. मागून उत्तर देणारे कितीही असोत, पुढून विचारणारं एकच लागतं.

याशिवाय आमच्या चार-पाच जणींची आणखी एक मागणी होती आणि तिच्यावर आमचेच पुरुष कार्यकर्ते हसायचे. बाळंतपणाच्या वेळी लेबर रूममध्ये बाईच्या ओळखीची एक बाई आत असू द्या. बस, एवढीच! गावाकडं म्हैस व्यायला झाली तर घरातलं माणूस गोठ्यात उशाशी बसून राहतं. आणि इथं, सरकारी दवाखान्यात, विशीतली पोर टेबलावर एकटी. हात धरायला कोणी नाही. ओरडली तर 'तेव्हा कळलं नाही का' असले टोमणे. हे मी ऐकीव लिहीत नाही, बायांनी आमच्यासमोर रडून सांगितलेलं लिहितेय.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण आता तिथं आमचं बरं चाललंय. तिथल्या मोठ्या मॅडमना आम्ही पत्रक दिलं. त्यांनी ते वाचलं, हे विशेष. म्हणाल्या, "मला पटतं. पण लेबर रूम मी चालवत नाही, सिस्टर चालवतात. त्यांना पटवा, मी सुरू करते."

सिस्टरना पटवायचं म्हणजे...! पन्नाशीच्या, इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म, आवाज असा की कॉरिडॉरमधले पुरुष विड्या विझवायचे. त्यांनी पत्रक घडी करून टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातलं. "गर्दी वाढवायला सांगता होय? इथं एक टेबल सांभाळू की तुमच्या माम्या-मावश्या?"

मुद्दा तिथंच अडला होता. आता शारदाचं सांगते.

शारदा पिशोरच्या बाजूची, मेंढरामागं वाढलेली. नवरा वाळूजला एका कारखान्यात हेल्पर, राहायला रांजणगावात; तिथंच आमची ओळख. पहिलटकरीण, आणि इतकी भित्री की पोटाचं नाव काढलं की पदर तोंडात कोंबायची. तिची थोरली बहीण बाळंतपणातच गेली होती — दवाखान्यात, आत, एकटी. आईला बाहेर थांबवलं होतं. शारदाला मरणाची भीती नव्हती. ती मला एकदाच म्हणाली होती, "ताई, मरू द्या मला, पण एकटीला नगं."

मी म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर. बघू कोण अडवतं.

तिला श्वास शिकवायचा होता. कळ आली की आत घ्यायचा, मग सावकाश सोडायचा. पुस्तकातलं सगळं सांगून झालं, तिला काही जमेना. मग मला येतं तेच केलं. घोषणा! मी विचारणार, तेवढ्यात तिनं श्वास घ्यायचा. आणि उत्तर देताना सोडायचा, लांब.

"कोण भिलं?"

"मी नाऽऽऽय!"

"कोण दमलं?"

"मी नाऽऽऽय!"

पहिल्या दिवशी ती हसूनच बेजार. "आवं ताई, शेजारचे म्हनतील मोर्चा निघाला माझ्या खोलीतून!" पण जमलं. प्रश्न मी आयत्या वेळी सुचेल तो टाकायचे, उत्तर तिचं ठरलेलं. एकटीनं कर म्हटलं तर मात्र अडायची. "विचारल्याबिगर सांगू कशी?" म्हणायची.

तिचे दिवस भरले ते नेमके बंदच्या दिवशी. एसटी हलेना, आई पिशोरला अडकलेली. नवरा पहिल्या पाळीला गेला होता, त्याला निरोप धाडला. आदल्या दिवशी क्रांती चौकातल्या मोर्चात माझा घसा पार गेला होता. गेला म्हणजे गेलाच, नुसती हवा बाहेर पडायची. रिक्षावाल्यालासुद्धा रस्ता हातानंच दाखवला.

दवाखान्यात सिस्टर दारातच. मी कुजबुजत भांडायचा प्रयत्न केला. घसा नसताना भांडण किती केविलवाणं होतं, तो अनुभव घ्यायलाच हवा कुणीतरी!

"काय म्हणताय? ऐकू येत नाही," सिस्टर म्हणाल्या. "आणि आला आवाज तरी उत्तर तेच. बाहेर बसा."

शारदाचा हात माझ्या मनगटावर होता. त्यांनी तो सोडवला, तिला आत नेलं आणि दार लागलं. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन. आत शिरायला ते एकच दार आणि त्याला लागूनच बाकडं. बाकड्यावर केसरबाई — तिथल्या आयाबाई — मशेरी लावत बसलेल्या. मी त्यांच्याशेजारी बसले. रागानं मला रडू येत होतं.

"बस पोरी. पानी पी," केसरबाई म्हणाल्या. "आत आज तीन टेबलं भरली, शिष्टर एकटी. तुझ्यासाठी दार उघडायला तिला येळ कुठंय?"

म्हणजे शारदाजवळ कोणीच नाही. तिला नको होतं तेच झालं. आणि मी, मोर्चात सगळ्यांच्या पुढं ओरडणारी, बाहेर मुकी.

थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला.

"मी नाऽऽऽय!"

मी ताडकन उठले. केसरबाईंनी हात धरून खाली बसवलं. परत शांतता. मग परत — "मी नाऽऽऽय!" लांब, सावकाश, जसं शिकवलं तसंच. मला वाटलं, शाब्बास! एकटीनं जमवलं पोरीनं. मधे थांबत होती, परत म्हणत होती. त्या मधल्या वेळात मी कान लावून ऐकत होते, पण आतून एक शब्द येत नव्हता. फक्त उत्तरं.

तेव्हा यात मला काहीच विचित्र वाटलं नाही, हे मुद्दाम लिहिते.

मग एकदम काहीच नाही. आणि मग बाळ रडलं.

बऱ्याच वेळानं सिस्टर बाहेर आल्या. घामाघूम. मला बघून थबकल्या, आणि माझ्यावर बोट रोखून म्हणाल्या, "तुम्हाला आत कुणी सोडलं हो?"

मी बाकड्याकडं बोट दाखवलं.

"आणि घसा बसलाय म्हणता! आत तर खणखणीत विचारत होता... कोण भिलं, कोण दमलं. हे काय लेबर रूममध्ये बोलायचं असतं?"

मी मान हलवली. मी नाही. मी इथंच.

"मला शिकवू नका. मी दुसऱ्या टेबलावर होते. वळून बघते तर ही उठून उकिडवी बसलेली आणि तुम्ही टेबलावर चढून मागून काखेत हात घालून धरलेलं. आम्ही आडवंच झोपवतो, माहितेय ना? ओरडणार होते मी. पण डोकं दिसायला लागलं होतं, म्हटलं आता राहू दे." मग आवाज जरा खाली आला. "मान तिरकी होती बाळाची. ही आडवी असती तर अवघड गेलं असतं. ते जाऊ द्या. पण परत विचारल्याशिवाय आत यायचं नाही."

"शिष्टरबाई, कायतरीच काय?" केसरबाई म्हणाल्या. "ही माझ्याशेजारून उठलीच नाय. या दारातून चिटपाखरू गेलं नाय आत."

"मग निळ्या साडीतली ती कोण?"

माझी साडी निळी होती, खरं आहे. मी कसाबसा आवाज काढला. "चेहरा बघितला का तुम्ही?"

"चेहरा? बाळ बघू का तुमचा चेहरा बघू?"

मला सिस्टरचा संशय आला, सरळ सांगते. पोरीला एकटं टाकलं होतं, ते झाकायला गोष्ट रचतायत. पण मग 'कोण भिलं, कोण दमलं' हे त्यांना कुठून कळलं? ते शारदाच्या खोलीतलं, आमच्या दोघींतलंच होतं. शारदानं बडबडलं असेल... असेलही.

शारदाला वॉर्डात आणलं. मुलगी झाली होती. शारदानं मला बघितलं आणि आधी हसलीच. "ताई, तुमची कंबर मोडली आसंल. लई जोर टाकला मी तुमच्यावर."

मी तिच्या कपाळावरचे ओले केस मागं सारले.

"आन शेवटाला ते काय इचारलं वो? ते तर शिकवलंच नव्हतं."

"काय विचारलं?"

"'कोण आलं?' मी म्हनलं, आता याला काय उत्तर देऊ... तेवढ्यात ही बाहेर!"

'कोण आलं' मी कधीच विचारलेलं नाही. माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

शेजारच्या खाटेवर शहनाझभाभी होत्या, शहागंजच्या. त्याही तेव्हा आत, पलीकडच्या टेबलावर होत्या. त्यांनी मला नीट न्याहाळलं. "ऐसा नक्को बोलो शारदा, ये ताई वो नहीं थी. उनो तो हमारे में की थी, बुढ़ी. मेरेकू पानी पिलाई. बोली, बेटा डर मत, मैं इधरीच हूँ." मग मलाच विचारलं, "कहाँ गई उनो? शुक्रिया बोलना था मेरेकू."

आता सांगा! सिस्टरनी निळी साडी बघितली, शारदानं मला बघितलं, शहनाझभाभींना उर्दू बोलणारी म्हातारी दिसली, आणि केसरबाई शपथेवर सांगतायत की कोणी गेलंच नाही. एकेकीचं मी समजावून सांगू शकते. कळांत भास होतात. घाईत नजर चुकते. पण मी बाकड्यावर ऐकलेली ती मधली शांतता... प्रश्न येऊन जायला लागते तेवढीच असायची दर वेळी. एकटीनं म्हणणारा माणूस असा थांबत नाही. घोषणा देणाऱ्याला हे कळतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. सिस्टर तिथंच उभ्या. मॅडम म्हणाल्या, "अभिनंदन. सिस्टर म्हणतात, सोबतीण असल्यानं काम सोपं झालं. इतक्या वर्षांत यांच्या तोंडून असलं ऐकलं नव्हतं. तुम्ही आत होतात ना?"

'हो' म्हटलं असतं तर आमची मागणी त्याच क्षणी मान्य होती. मला ते दिसत होतं. येताना केसरबाई कानात म्हणाल्याही होत्या, "हो म्हन आन मोकळी हो. कुनाचं काय जातंय?" पण खोट्यावर उभी केलेली गोष्ट उद्या कोणीही पाडतं. आणि ढोंग्यांना तोंडावर ढोंगी म्हणणारी मी, इथं काय तोंडानं हो म्हणू?

"नव्हते," मी म्हटलं. आवाज थोडा परत आला होता. "मी बाहेर होते. मला आत सोडलं नव्हतं."

"मॅडम, मी डोळ्यांनी बघितलं!" सिस्टर म्हणाल्या.

"मग आत कोण होतं?" मॅडमनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्या घाबरल्या नाहीत, चिडल्या. "म्हणजे माझ्या लेबर रूममध्ये कोण येतं, कोण जातं, याचा इथं कुणालाही पत्ता नाही! हे चालणार नाही. सिस्टर, यापुढं प्रत्येक बाईजवळ एक बाई. ओळखीची, नाव सांगून, हातपाय धुऊन, गाऊन घालून. आत कोण आहे ते मला कळलं पाहिजे."

आमची मागणी मान्य झाली ती अशी. सगळी पत्रकं, सगळी निवेदनं एकीकडं, आणि हे एकीकडं. आमच्या गटाला मी एवढंच सांगितलं की मॅडम तयार झाल्या. कशा झाल्या ते इथं पहिल्यांदा लिहितेय.

त्यानंतर मी कितीतरी जणींबरोबर आत गेले. मागं बसले, धरलं, प्रश्न विचारले. आत काहीही वेगळं दिसलं नाही. टेबल, ट्रे, फिनेलचा वास. सिस्टर आता मला स्वतःहून गाऊन देतात, पण त्या दिवसाबद्दल एक शब्द काढत नाहीत. मीही काढत नाही.

शारदाला मात्र खरं सांगायचं राहिलं होतं. ते मला टोचत होतं. तिनं मुलीला माझं नाव ठेवायचं काढलं, तेव्हा मी रांजणगावला तिच्या खोलीवर गेले. बाळ पायांवर घेऊन ती तेल लावत होती. मी सगळं सांगितलं — दार लागलं तिथपासून. मी नव्हते शारदा. मी बाकड्यावर होते.

तिचा हात थांबला.

"तुम्ही नव्हत्या," ती म्हणाली. "बरं. नव्हत्या." मग मान वर केली. तिच्या तोंडावर तीच जुनी भीती होती, बहिणीचं सांगताना असायची ती. "मग मी एकटी व्हते का, ताई? तेवढं सांगा."

माझं वाचन, माझी पत्रकं, सगळं एकच उत्तर देत होतं. दार बंद होतं. सिस्टर दुसऱ्या टेबलावर होत्या. आत कोणी गेलं नव्हतं. हे सगळं मला पाठ होतं.

"नाही," मी म्हटलं. "एकटी नव्हतीस."

तिनं परत तेलात बोटं बुडवली. मी तिथून निघाले, तेव्हापासून स्वतःला विचारतेय की हे मी कशाच्या आधारावर म्हटलं. खोटं बोलले असं वाटत नाही. खरं बोलले असंही सिद्ध करता येत नाही.